कच्च्या टाक्याचा धुरा

यंदाही मंडईला फ्लेक्स लागणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे बाईनं ऐन वेळी घोळ घातला असं कोणी म्हणायला नको.

लवकर पिकणारे हलके धान पिवळे पडले आहेत. भारी धान अजून हिरवेच, लोंब नुकते वाकू लागलेले. सकाळी तलावाच्या पाळीवर गेलं की खाली पसरलेल्या, धुऱ्यांनी म्हणजे मातीच्या बांधांनी आखलेल्या बांध्यांमध्ये हे दोन रंग एकमेकांत शिरलेले दिसतात. त्यावर दवाचा एक वास असतो, ओला, थोडा दुधाळ. उन्हं वर आली की तो जातो. हा वास आला की माझं डोकं कामाला लागतं. घरी येऊन मी कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवते. विळ्यांना धार. कोठी झाडून उन्हात. तणसाची जागा मोकळी. ताडपत्रीला भोक आहे, बघणे. मी याद्या करणारी बाई आहे. यादीत आलेलं काम माझ्या हातून राहत नाही, आणि यादीत नसलेलं बहुतेक होत नाही. यंदा ताडपत्रीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: पडदा काढून वाऱ्यावर टाकणे.

तेवढी एक ओळ लिहिली आणि मागचा हंगाम कपाटातून बाहेर पडल्यासारखा अंगावर आला. तणसाच्या, धानाच्या वाळल्या पेंढ्याच्या, कुसळाची खाज, कापडाला आलेला घामाचा वास, सुईनं आणि विळ्यानं एकाच बोटाला केलेल्या दोन वेगवेगळ्या जखमा.

आमचं गाव तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात आणि दुपारी मंचावर दंडार होते, नाच-गाण्याचं आणि सोंगांचं आमचं नाटक. त्या मंचाच्या मागे लावायचा आमच्या गावाचा एक रंगवलेला पडदा होता. त्यावर महाल होता, महालापुढे कारंजं होतं. गावात कोणी महाल पाहिला नव्हता, कारंजंही नाही, पण पडदा आमचा होता. मागच्या वर्षी पेटी उघडली तर उंदरांनी महालाचा तळमजला खाल्लेला.

मंडई समितीचा अध्यक्ष सचिन माझ्याकडे आला. आमच्या ओसरीवर दुपारी बाया जमतात. गोधड्या, पिशव्या, भिंतीवर लावायचे कापडी तुकडे असं शिवतो. तुमसरच्या एका दुकानात देतो, कधी प्रदर्शनात. सचिनला फक्त विचारायचं होतं की जुना पडदा जोडता येईल का.

"नाही येणार," मी म्हटलं. "नवीन शिवून देऊ."

"काकू, एवढा मोठा? कापणीच्या दिवसात?"

"तुझ्या मंचाची लांबी-रुंदी सांग."

"लांबी-रुंदी सांगतो जी. पण डिझाईन मी पाठवतो. मोबाईलवर एक से एक आहेत. आणि मंडईच्या आठ दिवस आधी झाला नाही, तं मी सरळ फ्लेक्स छापून आणीन. मोराचा. प्रिंटवाल्याशी बोलूनच ठेवलं आहे."

संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर मोर आले. पिसारा मिटलेले, पिसारा उघडलेले, जोडीनं, कमळात बसलेले, सोनेरी कडा असलेले. ते सगळे सुंदर होते. त्यांतला एकही मोर कोणत्या झाडावर बसला आहे ते कळत नव्हतं.

फोनशी माझं वैर नाही. धानाचा भाव मी त्यावरच बघते, दोरे त्यावरून मागवते, गोधडीचा कोपरा कसा दुमडायचा तेही एका बाईनं मला त्यावरच शिकवलं, तिचं भलं होवो. माझं भांडण वेगळं आहे. आमच्या ओसरीवर पूर्वी दहा जणींच्या दहा गोधड्या व्हायच्या. कोणाची कोणती ते पाठीमागून सांगता यायचं. मग हळूहळू सगळ्यांच्या सारख्या दिसू लागल्या. तीच गोल नक्षी, तीच फिकी गुलाबी. नागपूरच्या प्रदर्शनात आमच्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाया होत्या, आणि त्यांच्याकडेही तीच गोल नक्षी, तीच फिकी गुलाबी. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, एकाच साडीत लग्नाला आलेल्या दोघींसारखं. घरी येताना बसमध्ये मला हसू आलं नाही.

आणि मग पल्लवी. पल्लवी माझ्या धाकट्या दिराची मुलगी, कॉलेज शिकलेली. मला मोठ्याई म्हणते. तिच्या हाताला जे आहे ते माझ्या हाताला नाही. मी सरळ टाका घालते, ती टाक्याला वळण देते. पण मागच्या वर्षी पोळा झाल्यापासून तिनं सुईच धरली नव्हती. ओसरीवर यायची, कोपऱ्यात बसायची आणि अंगठ्यानं चित्रं वर ढकलत राहायची.

पडद्याचं कळल्यावर मी तिला म्हटलं, "तू काढ काय काढायचं ते. आम्ही शिवतो."

"मले काही सुचून नाही राहिलं, मोठ्याई."

"एवढं पाहतेस दिवसभर, आणि सुचत नाही?"

"पाहते म्हणूनच तं. मी जे काढते ते कोणीतरी आधीच काढून ठेवलेलं असते. माह्यापेक्षा चांगलं." तिनं फोन माझ्यापुढे धरला. जपानमधली की कुठली बाई, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं बर्फ शिवत होती. "हे पाहा. आता मी कायले काढू?"

  तिच्याइतकं शिकलेल्या माणसाचं असं बोलणं ऐकलं की लोक समजावतात, मनाच्या गोष्टी सांगतात. मला ते जमत नाही. मला एवढंच कळलं की ही मुलगी आता सुई सोडणार. मंडईला मोर लागेल, आणि पुढच्या वर्षीपर्यंत ही कोपऱ्यातली जागाही रिकामी होईल. पडदा मग माझ्यासाठी पडदा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीच्या फळीवर चिवड्याचा रिकामा डबा ठेवला. आल्या आल्या फोन त्यात. आणि एक नियम: प्रत्येकीनं येताना वाटेतली एक वस्तू आणायची. हातात धरता आली पाहिजे. छापलेली चालणार नाही.

"आणि वस्तूचं काय करायचं?" वच्छलाबाईंनी विचारलं. वच्छलाबाई आमच्यात सगळ्यांत मोठ्या, जिभेनंही.

"पाहायचं."

"बाप्पा! धान कापून कापून कंबर मोडून राहिली, आणि ही म्हणते गोटे पाहा."

पण आणलं. कुरकुरत का होईना, आणलं. त्या हंगामातल्या दुपारी मला आता वस्तूंनीच आठवतात. वच्छलाबाईंनी तलावातून शिंगाड्याचं एक अख्खं झाड उपटून आणलं, पाणी गळत. ओसरीवर ठेवलं तर त्याची पानं बरोबर एकाआड एक अशी पसरली की कोणाच्याही वाट्याचं ऊन कोणी अडवत नव्हतं. गीतानं मिलमधून एक बारदाना आणला. तिचा नवरा तुमसरला राइस मिलमध्ये आहे. पोतं इतक्या वेळा शिवलं होतं की मूळ पोतं कोणतं आणि ठिगळ कोणतं ते सांगता येत नव्हतं. एकीनं पळसाच्या पानांची पत्रावळ आणली, काड्यांनी टाचलेली, आणि म्हणाली, "पाहा, हेही शिवणच आहे." कोसल्याचा, रानरेशमाचा, कोष आला, गोगलगायीचा रिकामा शंख आला, मासे धरणाऱ्या धिवरांच्या जाळ्याचा फाटका तुकडा आला. एकीनं सासूचं पोलकं आणलं.

"हे वाटेतलं आहे?"

"माह्या वाटेत हेच आहे, काकू. रोज."

त्या दिवशी कोणी काही शिवलं नाही, हसण्यातच दुपार गेली. मी यादीवर खूण केली नाही.

अंगण सारवताना बोटांचे जे अर्धगोल उमटतात ते मी आयुष्यभर बघत आले. सारवणाऱ्या बाईचा हात जेवढा लांब तेवढा तो अर्धगोल मोठा. म्हणजे अंगणावरून हात ओळखता येतो. हे मला मागच्या वर्षी पहिल्यांदा दिसलं, तेही गीता कापडावर खडूनं तसंच काढून दाखवत होती म्हणून. एवढी वर्षं मी अंगण स्वच्छ आहे की नाही एवढंच बघत होते.

पल्लवी मात्र रिकाम्या हातानं यायची. मी विचारत नव्हते. बाकीच्या विचारायच्या.

"काय व, तुह्या वाटेत काहीच नाही का?" वच्छलाबाई म्हणायच्या. "आमच्या वाटेनं येत जा मग."

ती खांदे उडवायची. डब्यातल्या फोनकडे तिची नजर जायची. एका दुपारी तर ती आलीच नाही. सचिनचा निरोप मात्र आला: काकू, कुठवर? मी कळवलं, चालू आहे. खरं तर मंचाच्या मापाचं कोरं मांजरपाट घडी घालून पडलं होतं आणि त्यावर एक टाकाही नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पल्लवी उशिरा आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत तणस. हात रिकामेच.

"मोठ्याई, माही वस्तू हातात नाही मावत. तुम्ही चला."

आम्ही सगळ्या तिच्यामागे पाळीवर गेलो. ऊन कलतं होतं. खाली आमच्या गावाचा सगळा धान. काही बांध्या उभ्या, काहींत कापून आडव्या टाकलेल्या कडपा वाळत पडलेल्या, काहींत नुसती खुंटं. पलीकडे कोणाचं पुंजणं, कापल्या धानाची रास, रचणं चालू होतं.

शेत वरून गोधडीसारखं दिसतं हे मला कोणी सांगायला नको होतं. असे फोटोही ढिगानं आहेत, विमानातून काढलेले, हिरव्यागार चौकटी. मी तसं म्हणणार होतेच. पण पल्लवीचं बोलणं वेगळंच चाललं होतं.

"ती बांधी कोपऱ्यात अशी चावल्यासारखी काहून आहे? तिथं वारूळ होतं. आपल्या आबाजीनं नांगर त्याच्या बाजूनं नेला, तं आजपर्यंत सगळे तसाच नेतात. वारूळ आता नाही. आणि त्या तीन चिंध्या आहेत ना लांबच लांब, ती एकच बांधी होती. तीन भाऊ झाले. आणि ही मधली फुगली आहे, कारण पाटाचं पाणी पहिले हिच्यात येते, धुरा दरसाल ढकलते. मोठ्याई, यात एकही रेघ उगाच वाकडी नाही."

मग ती म्हणाली, "हे त्या बर्फवाल्या बाईले नाही माहीत."

त्या वेळी तिच्या आवाजात जो माज होता तो मला फार आवडला.

त्या संध्याकाळी मी यादी केली, आणि ती माझ्या आयुष्यातली चांगली यादी होती. घरं आणि बांध्या. पल्लवीनं ठरवलं होतं की ज्याची बांधी त्याच्याच घरचं जुनं कापड. आम्ही दोघी दोघी करून फिरलो. लोकांना वाटलं भांडीवाल्या आल्या.

"कापडाच्या बदल्यात काय देता?" मंडई समितीतल्या यादोरावांच्या घरून विचारणा झाली.

"तुमची बांधी मंचावर लावतो."

यादोरावांच्या बायकोनं आतून एक गडद लाल शाल आणून दिली, कडेला जळालेली. त्यांच्या बांधीला लागून केवळरामभाऊंची बांधी. त्यांनी खांद्यावरचा पिवळा दुपट्टाच काढून दिला. दोन घरांत एका धुऱ्यावरून कित्येक वर्षांचा अबोला आहे, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. आम्हालाही माहीत होतं. पण कापड दोघांनी दिलं, म्हणून आम्ही खुशीत होतो. एका घरातली मुलं नागपूरला राहतात, तिथून जुनी जीन्स आली. ती बांधी निळीच झाली. कोणी लुगडं दिलं, कोणी बेडशीट. तलावासाठी वच्छलाबाईंनी एका जुन्या निळ्या लुगड्यावर फाटकी मच्छरदाणी अंथरली, आणि खरोखर पाणी हललं.

सकाळी धान कापायचे आणि दुपारी तेच धान शिवायचे, असे ते दिवस. हात धुतले तरी बोटांना कुसळ असायचं, कापडात अडकायचं. कोणीतरी विचारलं की नक्की कोणत्या दिवशीचं शेत शिवायचं, कारण आज उभं आहे ते परवा आडवं पडणार. मी म्हटलं, एक दिवस ठरवा. पल्लवी म्हणाली, ज्या दिवशी जी बांधी शिवू ती त्या दिवशी जशी असेल तशी. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला उभे टाके आहेत, दाट, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेले. मधे आडवे टाके, ओळीनं पडलेल्या कडपांचे. उजवीकडे जाता जाता नुसते ठिपके, खुंटांचे. आणि शेवटच्या बांधीत काहीच नाही, फक्त गीताचे सारवणाचे अर्धगोल, खळ्याचे. कापणी आमच्या पुढे पुढे पळत होती आणि आम्ही सुईनं तिच्या मागे. मिलच्या बारदान्याचा तुकडा खळ्यात बसला. शिंगाड्याची पानं तलावात. सासूचं पोलकंही कुठंतरी आहे, कुठं ते सांगणार नाही.

पल्लवीचा फोन डब्यात वाजायचा. पहिले काही दिवस ती उठायची. नंतर वच्छलाबाईच म्हणायच्या, "अव, तुहा डबा बोंबलून राहिला ना." आणि ती दातात दोरा धरून मान हलवायची.

सचिननं दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही पडदा त्याच्या अंगणात नेऊन टाकला. त्यानं चारही बाजूंनी फिरून बघितला.

"पण काकू, हे आहे काय?"

"गाव आहे."

"गाव तं दिसूनच राहिलं आहे बाहेर. लोक मंडईले काहीतरी वेगळं पाहायले येतात."

"लाव तू. नाही आवडला तर पुढच्या वर्षी मोर."

हे मी फार सहज बोलून गेले. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं ते मला कळलं. आता तिचं सगळं त्या एका दुपारीवर टांगलं होतं.

मंडईच्या दुपारी पडदा लागला. मंचापुढे जिलेबीचा आणि धुळीचा वास. मी समितीच्या खुर्च्या मोजण्याच्या निमित्तानं पुढे उभी होते.  पडदा कोणाला सुंदर वगैरे वाटल्याचं दिसलं नाही. मग मागून एक म्हातारी पुढे आली आणि तिनं मंचाच्या कडेला हात टेकून मान वर केली. "आमची कुठी आहे व?" मग दुसरी. मग माणसं. "हा पाट. हे वारूळ." "अबे, हे निळं कोणाचं?" "नागपूरवाल्याचं! पँट शिवली त्याची!" दंडारीतली मंडळी घुंगरू बांधून ताटकळली होती आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून कापडात आपापलं शेत शोधत होते.

आणि मग केवळरामभाऊंचा आवाज आला.

"हा धुरा कोणी सरकवला?"

 भाऊ मंचावर चढले. त्यांनी आपल्या दुपट्ट्याच्या कडेवर बोट ठेवलं. "माही बांधी एवढी नाही. बोटभर खाल्ली आहे इकडून."

ते खरं होतं. गोधडी शिवणाऱ्या कोणालाही कळेल काय झालं ते. दोन तुकडे जोडताना वरच्या तुकड्याची कड आत दुमडून खालच्या तुकड्यावर बसवतात. लाल शाल वर आली, पिवळा दुपट्टा खाली गेला, आणि शिवणीत बोटभर पिवळं दबलं. कापडाच्या हिशेबात ते काहीच नाही. पण वीतभर बांधीच्या हिशेबात ते बोटभर म्हणजे शेताचा भलामोठा पट्टा, आणि तोही नेमका यादोरावांच्या बाजूनं. साऱ्या गावात चुकायला आम्हाला हीच एक शिवण सापडली.

"बरोबर आहे धुरा," खालून यादोराव म्हणाले. "पहिल्यांदा कोणीतरी बरोबर दाखवला."

"काय बरोबर गा? तुह्या शालीनं माहा दुपट्टा खाल्ला!"

कित्येक वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. दंडारीतल्या सोंगाड्यानं तेवढ्यात मंचावर उडी मारली आणि तलाठ्यासारखी मान ताठ करून, आपल्या कमरेच्या दोरीनं पडदा मोजायला सुरुवात केली. लोक हसून हसून वाकले. भाऊ हसले नाहीत. दंडार संपेपर्यंत ते मंचाच्या त्या बाजूलाच उभे राहिले, राखणीला बसल्यासारखे.

सचिन माझ्याजवळ आला. कपाळावर घाम. "म्हणून म्हणलं होतं काकू, मोर लावू. मोरानं कोणाचा धुरा सरकवला नसता."

"मोराकडे कोणी पाहिलंही नसतं," मी म्हटलं.

हे मी तेव्हा रागानं बोलले. वर्षभर काम करता करता तेच मनात घोळलं आणि राग जाऊन खात्री उरली. फोनवरच्या चित्राखाली लोक टाळ्या देतात, हृदयं देतात, आणि अंगठा पुढे सरकतो. आमच्या पडद्याला टाळी मिळाली नाही. त्याच्याशी लोक भांडले, कारण त्यात त्यांचं काहीतरी होतं आणि ते चुकलेलं त्यांना चाललं नाही. मला विचाराल तर कापडाला याहून मोठी दाद नाही. सगळ्यांना आवडेल असं करा, असं शिकवणारे पुष्कळ आहेत. आवडण्यासारखं पुष्कळ करून झालं आमचं. ते प्रदर्शनाच्या टेबलावर शेजारणीच्या गठ्ठ्यात मिसळून गेलं.

पल्लवी त्या दुपारी कुठं होती ते मी नंतर विचारलं. मंचाच्या मागे. पडद्याच्या उलट्या बाजूनं, टाक्यांच्या गाठींकडे तोंड करून उभी होती आणि सगळं ऐकत होती.

"घाबरलीस?"

"पहिले घाबरली. मग भाऊ म्हणाले ना, बोटभर. म्हणजे मोठ्याई, त्यांनी बोटानं मोजलं. एवढ्या बारकाईनं माहं काम कोणी पाहिलंच नव्हतं कधी."

तेव्हापासून तिच्या हातातली सुई सुटलेली नाही. पावसाळ्यात तिनं धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांच्या पाठी शिवल्या, नुसत्या पाठी, वाकलेल्या, प्रत्येकीची वेगळी. फोन ती अजून बघते. बघून झाला की ठेवते. कोणीतरी मंडईच्या पडद्याचा फोटो टाकला होता, तो फिरत फिरत कुठल्या कुठे गेला, आणि उन्हाळ्यात एका दुकानदाराचा निरोप आला की सेम टू सेम पाहिजे, त्यांच्या दालनासाठी. मोठं काम होतं. ओसरीवर चर्चा झाली. पल्लवीनं उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं: ही आमच्या गावाची शेतं आहेत, तुमच्या दालनात त्यांचं काय काम? तुमच्या गल्लीतली जुनी कापडं गोळा करून आणा, तुमची गल्ली शिवून देऊ. त्यांचं पुन्हा काही आलं नाही. मला वाईट वाटलं नाही. वच्छलाबाईंना थोडं वाटलं.

आता पुन्हा हलके धान पिवळे पडले, आणि सचिन पुन्हा ओसरीवर. यंदा चप्पल न काढताच पायरीवर उभा.

"काकू, तुमचावाला पडदा चांगला आहे. पण मंडईत वाद नको. यंदा मोर लावतो."

मी काही बोलायच्या आत मागून केवळरामभाऊ आले. ते आमच्या घरी कधी येत नाहीत. "पडदा काढला का व पेटीतून? माहा धुरा सरळ करून पाह्यजे. मंडईच्या पहिले."

"भाऊ, यंदा पडदा नाही," सचिन म्हणाला. "फ्लेक्स लावून राहिलो."

"कायचा फ्लेक्स? मी वर्षभर थांबलो. पडदा नाही लागला तं माहा धुरा तसाच राहिला ना लोकांच्या डोक्यात!"

भाऊ गेले. संध्याकाळी यादोरावांनी सचिनला रस्त्यात गाठलं. पडदा लागलाच पाहिजे, जसाच्या तसा, टाका हलवाल तर समितीचा राजीनामा देईन. त्यांना बहुतेक कोणीतरी भाऊंची बातमी दिली असावी. ती कोणी दिली हे मी विचारत नाही, आणि वच्छलाबाई सांगत नाहीत.

अशा रीतीनं गावातल्या दोन माणसांचं इतक्या वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं. सचिननं प्रिंटवाल्याला फोन करून मोर परत पाठवला.

काल आम्ही पडदा काढून वाऱ्यावर टाकला. डांबरगोळ्यांचा वास उडाला आणि खालून मागच्या वर्षीच्या तणसाचा वास वर आला. पल्लवीनं लाल-पिवळ्या शिवणीपाशी बसकण मारली आणि ब्लेडच्या पातीनं एक एक टाका उसवला. कड उघडली. खाली दबलेला दुपट्टा निघाला, बोटभर पट्टा, मंडईची धूळ न लागल्यानं बाकीच्याहून गर्द पिवळा.

"पाहा, मोठ्याई. भाऊंची जमीन कुठी गेली नव्हती. खालीच होती."

"मग आता बरोबर कुठं शिवणार?"

 तिनं लाल कड थोडी मागे घेतली, पिवळं थोडं दिसू दिलं, आणि पांढरा दोरा ओवून लांब लांब टाके घालत गेली. ओढला की निघणारे. ब्लाऊज बेतताना माप बघायला घालतात तसे, कच्चे. साऱ्या पडद्यावर इतके बारीक पक्के टाके, आणि मधे हा एक पांढरा, सैल, वाकडा धुरा, दुरूनही दिसणारा.

"हा कच्चाच ठेवतेस?"

"होय. मंडईच्या दिवशी दोघंही येतील. भाऊ सांगतील इकडे घे, यादोराव सांगतील तिकडे. मी मंचावर बसते सुई घेऊन."

"आणि पक्का कधी करशील?"

"कायले पक्का? पक्का केला तं पुढच्या वर्षी पाहायले कोण येईल?"

ती दोरा तोडून पुढच्या बांधीकडे वळली. तिथं गीताच्या अर्धगोलांतला एक सुटला होता.

मी आत जाऊन कपाट उघडलं. यादीत मी सकाळीच लिहून ठेवलं होतं: धुऱ्याची शिवण पक्की करणे. ती ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. मंडईच्या दिवशी: पांढरा दोरा, सुई, कात्री, पल्लवीला बसायला पाट, मंचाच्या उजव्या अंगाला. दरसाल.